तीन तास फुगणारं पीठ

पिपरी मेघे, मंगळवार, १९ मे १९९८

लेक मीनाने हिवाळ्यात कॅनडाहून पत्रात दालचिनीच्या रोलची कृती धाडली होती. शाळेला सुटी लागली म्हणून आज करून पाहिली. बेकरीतून यीस्ट आणलं, मैदा भिजवून वर ओलं फडकं टाकलं. तिने लिहिलंय, शेगडीजवळ ठेवूनही पीठ दुप्पट व्हायला तीन तास लागतात. इथे मेच्या उकाड्यात अर्ध्या तासात ते पातेल्याच्या काठावर आलं. मी बघतच राहिले. तीन तास?

हे कूलरसमोरून म्हणाले, "काऊन त्या पातेल्यापाशी बसून राह्यली? फुगलं ना, झालं."

झालं कसं? रोल चांगले झाले, यांनी चार खाल्ले. मी एकही खाल्ला नाही. हिवाळाभर दर रविवारी पोरगी फोनवर सांगायची, "आई, घर मस्त गरम राह्यते, थंडी कायची?" मग गरम घरात पिठाला तीन तास का? हीटर लावतच नव्हते का दोघं? जावयाची नोकरी तरी आहे ना? यांना विचारावं, तर म्हणतील, तुले पिठातही काळजी दिसते.

दिसतेच. आईशी खोटं बोलायचं होतं, तर कृतीतही अर्धाच तास लिहायचा होता, मीना.