‘आणि पार्टी’मधला माणूस

सेंगकांग, सिंगापूर
दि. २ एप्रिल २००६

ती. बाबांस,

सप्रेम जय भीम. वि. वि. आम्ही तिघंही इकडे मजेत आहोत. तुमच्या नातीचं मराठी मात्र दिवसेंदिवस पातळ होत चाललंय. मी रागावलो की ऋचा इथल्या पोरांसारखं ‘ओके लाह’ म्हणून मोकळी होते.

आपल्या वस्तीतला विवेक जयंतीसाठी दोन महिने नागपूरला येतोय, त्याच्या हाती एक सीडी पाठवली आहे. आधी कबुली देतो, मग रागवा. आमच्या लॅबमध्ये फुमिए नावाची जपानी इंजिनिअर होती, माझ्या शेजारच्याच टेबलावर. पस्तिशीत चांगली नोकरी सोडून गाणी करायला निघाली. स्वतः लिहिते, स्वतः गाते, सगळा रॉकचा दणदणाट. हा तिचा पहिला अल्बम. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवणाची वाट बघताना मी टेबलावर बोटं चालवायचो, ते ती ऐकत असायची. गेल्या वर्षी म्हणाली, हे माझ्या गाण्यात हवंय. मग पाया लेबारच्या एका छोट्या स्टुडिओत मी ढोलकी वाजवली. शिक्षण पुरं होईपर्यंत ढोलकीला शिवणार नाही, असं तुम्हाला वचन दिलं होतं. शिक्षण संपून बारा वर्षं झाली, तरी हे सांगायला धीर होत नव्हता.

आता गंमत ऐका. स्टुडिओच्या फॉर्मवर मी सवयीने पूर्ण नाव लिहिलं, शाळेपासून लिहितो तसं, समीर भीमराव वासनिक. बापाचं नाव मधे घालायची रीत त्यांच्याकडे कुठली! टोकियोतल्या सीडी छापणाऱ्यांना वाटलं, माणसं दोन. सीडीच्या मागे इंग्रजीत छापलंय, ढोलकी: समीर वासनिक, आणि खालच्या ओळीत भीमराव वासनिक. आम्ही पोट धरून हसलो. पण बाबा, तुमचं नाव असं छापलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि मग मला हसू येईना. जूनमध्ये दुसरी आवृत्ती निघेल. तेव्हा चूक दुरुस्त करायची का, तेवढं कळवा.

आईला जय भीम. रागावलात तरी माया पातळ करू नका.

आपला,
समीर


नागपूर
दि. २० एप्रिल २००६

चि. समीर यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. सीडी पोचली. विवेकच्या घरी बसून ऐकली. पहिली चार गाणी म्हणजे पिठाच्या गिरणीत कोणी भांडून राहिलं, असं वाटलं. पाचव्यात तुझी ढोलकी आली अन् मी सरसावून बसलो. डावा हात अजून कच्चा आहे तुझा. ती पोट्टी मात्र जीव तोडून गाते. एक अक्षर समजलं नाही, तरी माझ्या अंगावर काटा आला. वचनाचं मनावर घेऊ नको. ढोलकीनं माझं पोट भरलं नाही, म्हणून तुझी सोडवली. चूक माझीच होती.

पण नाव काढ. काहून, ते आज सांगतो. एकाहत्तर साली मुंबईला आमच्या भीमगीतांच्या पार्टीची तबकडी निघाली. काय दिवस होते ते! गावोगाव जलसे, पहाटेपर्यंत माणसं हलायची नाहीत. तबकडीवर गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, पेटीवाल्याचं बारीक, अन् त्याच्याखाली ‘आणि पार्टी’. त्या ‘आणि पार्टी’त मी होतो. घरी आलो तर माझी माय तबकडी हातात घेऊन विचारते, तुझं नाव कोणतं रे? तिला वाचता येत नव्हतं. मी पेटीवाल्याच्या नावावर बोट ठेवलं अन् म्हटलं, हे. तिनं त्या नावावरून हात फिरवला. साऱ्या वस्तीत दाखवून आली. मरेपर्यंत तिला खरं कळलं नाही. पुन्हा तसलं खोटं मला सोसायचं नाही. न वाजवता नाव लावणारा मी नव्हे.

सुनेला आशीर्वाद, नातीला पापा.

तुझा,
बाबा

समीर, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं, म्हणून ही चिठ्ठी घुसवते. नाव काढ म्हणतात, पण सीडी उशाखाली घेऊन झोपतात. जयंतीच्या मिरवणुकीत शर्टाच्या आत घालून नेली होती. दाखवली कोणालाच नाही, नुसते चाचपून पाहत होते. चार दिवसांपासून जेवण अर्ध्यावर आलं आहे. मला त्यांच्याकडं पाहवत नाही. तू शिकलेला आहेस, काहीतरी कर. – आई


सेंगकांग, सिंगापूर
दि. ७ मे २००६

ती. बाबांस,

सप्रेम जय भीम. वि. वि. तुमचं पत्र वाचून मी लॅबमधून लवकर घरी आलो. आजीचं हे मला कधीच माहीत नव्हतं.

फुमिएला सगळं कळवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं. खोटं नाव नको असेल तर ती ते काढून टाकील. नाहीतर भीमरावांनी खरंच वाजवावं. दुसऱ्या आवृत्तीत एक गाणं जास्तीचं आहे आणि त्यात तिने ढोलकीची जागा मोकळी ठेवली आहे. गाणं विवेककडे पाठवलंय. धरमपेठेतला स्टुडिओ रविवार दि. २१ ला सकाळी दहा वाजता ठरवलाय, विवेक गाडी घेऊन येईल. ढोलकी मढवून घ्या. गेला नाहीत तर नाव निघेल, आणि मी हा विषय पुन्हा काढणार नाही. भरीस पाडत नाही, पण बाबा, जा ना.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
समीर


नागपूर
दि. २३ मे २००६

चि. समीर यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. गेलो. तुझी आईही आली, नको म्हटलं तरी नवं लुगडं नेसून.

वीस वर्षांनी ढोलकी मांडीवर घेतली. तीन वेळा चुकलो. बोटं सुजली, सूज अजून उतरली नाही, म्हणून अक्षर असं आलं आहे. चौथ्या वेळी डोळे मिटले अन् म्हटलं, भीमराव, सिंगापूर नाही, जपान नाही, आपल्या जलशात बसला आहेस. मग हात सुटला तो सुटलाच. त्या पोट्टीला सांग, तिची लय पक्की आहे, अन् आमच्याकडं आली तर वडा-भात खाल्ल्याशिवाय जाऊ देणार नाही.

संपल्यावर काचेमागच्या रेकॉर्डिंगवाल्या बाई वही घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, काका, तुमचं नाव काय लिहू? समीर, इतकी वर्षं वाजवलं, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. लहान लेकरासारखा रडत बसलो. बाई बिचाऱ्या पेन धरून उभ्या.

तेव्हा तुझी आई उठली. आपल्यातल्या जुन्या बायकांची रीत तुला ठाऊक आहे. अडतीस वर्षांच्या संसारात तिनं मला ‘अहो’ म्हटलं, ‘समीरचे बाबा’ म्हटलं, पण नाव कधी उच्चारलं नाही. डॉक्टरनं विचारलं तरी चिठ्ठी पुढं करायची. ती बाईंच्या वहीजवळ गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला, अन् साऱ्या स्टुडिओला ऐकू जाईल असं म्हणाली, लिहा, भीमराव वासनिक.

तुझा,
बाबा