आंबट वास

चेन्नई, मंगळवार, दिवेलागण

अप्पांनी दिग्दर्शित केलेल्या एकुलत्या एका सिनेमाची एकच प्रिंट उरली होती. आज लॅबने तीही परत दिली. फिल्म आकसलीय, मशीनवर चढवली तर तुकडे होतील म्हणाले. हा व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला की संपलंच. आता कुठे जाऊ? दुसऱ्या लॅबमध्ये? तेही डबा उघडून, वास घेऊन हेच सांगतील.

रिळांचा डबा घेऊन घरात शिरले. अप्पांना आता दिसत नाही, पण त्यांनी लगेच मान वर केली.

"आंबटवरण केलंस काय गं?"

"हो अप्पा."

आयुष्यभर फिल्म हाताळलेल्या माणसाला हा वास ओळखता आला नसेल?

मी चिंच भिजत घातलीय.