शुक्रू, इतवारी आणि मधला तट्टा

मूल (जि. चंद्रपूर),
२९ ऑक्टोबर १९८६

सत्यशीलाच्या शहाणपणाने आयुष्यभर गांजलेल्या माझ्या बंधूंनो,

(बंधूंनो म्हणजे तू एकटाच आहेस, खुशाल, हे मला कळते. पण लिहायला बसलो की समोर निदान दोनशे माणसे सतरंजीवर बसलेली दिसतात, त्याला माझा इलाज नाही.) तुझे आणि माझे दुःख एकच आहे. ती तुझी थोरली बहीण, माझी बायको, आणि ती वादात हरत नाही. तू तिच्या हाताखाली सोळा वर्षे काढून नागपूरला निसटलास. माझे अठरावे चालू आहे. तेव्हा हे पत्र एका पीडिताने दुसऱ्या पीडिताला लिहिलेले आहे असे समज, आणि तुझ्या कमलाला वाचून दाखवू नकोस. ती लगेच सत्यशीलाची बाजू घेईल.

तुला सप्रेम जयभीम. तुझा खोकला प्रयोगशाळेतल्या औषधांच्या वासाचा आहे की विड्यांचा, याचा निकाल लागला असेल अशी आशा करतो. कमलाचे गुडघे कसे आहेत ते कळव. आमच्याकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे. सर्वांची म्हणजे किती जणांची, हाच या पत्राचा विषय आहे.

जुलैत एका रविवारी तू तुमच्या कॉलेजातले दोन गिनीपिग खोक्यात घालून आणून दिलेस, कारण पुढच्या आठवड्यात मुले त्यांना टेबलावर टाचणार होती. ते तू चांगले काम केलेस, आणि मी त्या दिवशी अंगणात उभा राहून तसे अर्धा तास बोललोही. तुझी एस.टी. त्यामुळेच चुकली. आपल्याकडे ज्या वारी लेकरू येते त्या वाराचे नाव पडते, म्हणून मादीला इतवारी म्हटले. नर त्याच दिवशी आला तरी दोघांना एक नाव नको म्हणून तो बिरजू. आमच्याकडे आधीच एक पांढरा विलायती ससा होता. राइस मिलचे मॅनेजर बदली होऊन गेले तेव्हा एका शुक्रवारी तो माझ्या ओट्यावर ठेवून गेले होते, म्हणून शुक्रू. तू जाताना एक चिठ्ठी दिली होतीस. ती मी वाचली. "ससा-गिनीपिग वेगवेगळे ठेवा, आणि गिनीपिगले रोज हिरवा पाला न् आवळा नाई तं पेरू द्या," असे तीत होते. पहिल्या तीन शब्दांवरच माझे डोके तापले, म्हणून पुढचे वाचले पण मनात उतरले नाही.

वेगवेगळे ठेवा. खुशाल, ही दोन शब्दांची आज्ञा आपल्या आज्या-पणज्यांनी किती पिढ्या ऐकली? आपली वस्ती गावाच्या दक्षिणेला वेगळी, विहीर वेगळी, शाळेत माझ्या बापाची जागा दाराबाहेर वेगळी. छप्पनला नागपूरला दीक्षा घेऊन बाप परत आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आणि मी मनाशी ठरवले की माझे घर होईल तेव्हा त्यात मधली भिंत म्हणून असणार नाही. तू पाहतोसच, ती नाही. बैठक आणि स्वयंपाकाची जागा एकच आहे. (त्यामुळे चुलीचा धूर थेट माझ्या पुस्तकांवर येतो आणि सत्यशीलाच्या डोळ्यांत जातो, आणि अठरा वर्षे ती मध्ये आडोशाला बांबूचा एक तट्टा मागते आहे. मी तिला प्रत्येक वेळी भिंतींचा इतिहास सांगितला. ती डोळे पुसत ऐकते. सुरुवातीला मला वाटे, ती भारावून जाते.)

तेव्हा मी लाकडी पेटी केली ती एकच. आत तिघे. धानाचा कोंडा आणि वाळलेले गवत मोजून समान वाटप. वर पाटी लावली, "येथे भेद नाही". पहिले आठ दिवस फार चांगले गेले, कारण मी शाळेत असे आणि रविवारी ते झोपलेले असत. मग असे दिसू लागले की शुक्रू टोपल्यासमोर बसतो आणि बाकीचे दोघे कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसतात. मी याला परिचयाचा अभाव म्हटले. नंतर शुक्रू त्यांच्या अंगावर चढू लागला. मी याला मैत्री म्हटले. भांड्याचे झाकण वाजले की इतवारी शिट्टी घालते, खाणे आले म्हणून. ती शिट्टी हळूहळू बंद झाली. मी याला प्रगल्भता म्हटले. आमच्या शाळेचा शिपाई वारलू तेव्हा एकदा घरी आला होता. तो कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावचा, लहानपणापासून रानससे पाहिलेला. पेटीपुढे उकिडवा बसून त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, ससा दातानं नाई मारत, मांगच्या पायानं मारते. आन् त्या पायाले तुमची पाटी वाचता नाई येत."

मी त्याला तासभर समजावले. तो हो म्हणाला आणि गेला. माझ्याशी वाद संपवण्याची हीच रीत सगळ्यांनी का धरली आहे, याचा मी एकदा शांतपणे विचार करणार आहे.

आता धम्मचक्र प्रवर्तन दिनाकडे येतो. चौदा तारखेला विहाराच्या पटांगणात सभा होती. चिमूरपासून माणसे आली होती. मी वक्ता, आणि विषय समता. मला वाटले, शब्द फार झाले, आता प्रत्यक्ष दाखवू. वारलूला घेऊन पेटी व्यासपीठावर नेली, वरचे झाकण काढले, पुढची फळी उघडली, म्हणजे पहिल्या रांगेला सरळ आत दिसेल. बोलायला उभा राहिलो. खुशाल, तो दिवस असा होता की मी भिंतीला सांगितले असते तर तीही सरकली असती. म्हणालो, ही पाहा दोन कुळे. एकाचे कान लांब, दुसऱ्याचे आखूड. एक उड्या मारतो, दुसरा सरपटतो. भाषा वेगळी, चाल वेगळी. आणि तरी एक छप्पर, एक टोपले. टाळ्या पडल्या. मी टाळ्यांकडे पाहत होतो. पहिल्या रांगेतल्या रुखमाबाई पेटीकडे पाहत होत्या. (सत्तर वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येते, म्हणून त्यांना भाषणाचा अडथळा होत नाही.) टाळ्या थांबल्यावर त्या मोठ्याने बोलल्या, ऐकू कमी येणारी माणसे बोलतात तशा. "मास्तर, तुमी बोलून राह्यले, आन् तो मोठा त्या पोटुशीले लाथा हानून राह्यला."

मी वळून पाहिले. शुक्रूने इतवारीला बाजूच्या फळीशी दाबले होते आणि मागच्या दोन्ही पायांनी तिच्या कुशीत मारत होता. ती ओरडतही नव्हती. ती पोटुशी आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. रुखमाबाईंना वीस हातांवरून दिसले.

अशा वेळी शहाणा माणूस खाली बसतो. मी बोलत राहिलो. म्हणालो, बंधूंनो, हाच तो जमीनदार. या लाथेत मालकाचा माज आहे आणि घरातल्या नवऱ्याचाही, हा पुरुषी अहंकार आहे, आणि शुक्रूभाऊंचे मतपरिवर्तन झाल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. सभेत हसू फुटले. मी चांगली पंधरा मिनिटे पुरुषांवर तुटून पडलो. तेवढ्या वेळात सत्यशीला बायकांच्या रांगेतून उठली, व्यासपीठावर चढली, इतवारीला पदरात घेतले आणि उतरून सरळ गुरांच्या दवाखान्याकडे चालू लागली. मागून बिरजूला घेऊन वारलू. माझ्या आयुष्यात माझ्या सभेतून उठून गेलेली ती पहिली माणसे, आणि दोघेही माझ्या घरचीच म्हणावी अशी.

डॉक्टरांनी सांगितले ते तुझ्या चिठ्ठीत होते तेच. कुशीला मुका मार. शिवाय हिरड्यांतून रक्त आणि सांधे धरलेले, कारण या जातीच्या अंगात एक जीवनसत्त्व तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावे लागते. सशाच्या अंगात ते आपोआप होते. माझ्या समान वाटपाने एक गुटगुटीत झाला आणि दोघे अडीच महिने उपाशी राहिले, पोट भरलेले असताना. पिल्ले जगतील का, हे डॉक्टर सांगेनात. ती स्वतः जगेल का, हेही नाही.

घरी आल्यावर सत्यशीलाने इतवारीला सुपात ठेवून चुलीजवळ घेतले. मी म्हणालो, पेटीत तट्टा घालण्याला माझा तात्त्विक विरोध कायम आहे. मला वाटले होते ती चिडेल. ती चुलीत फुंकर घालत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमी सभेत काय सांगता? आमचं भलं कशात हाय ते आमाले न इचारता ठरवनारे तुमी कोन, असं सांगता ना?"

मी म्हणालो, हो, सांगतो, आणि सांगत राहीन.

"मंग इतवारीले इचारलं होतं का?"

खुशाल, माझ्याकडे या घरात साडेतीनशे पुस्तके आहेत. मी त्या सगळ्यांकडे एकदा पाहिले. मग म्हणालो, पण भिंत ही भिंतच. ती म्हणाली, "कोनं घातली आन् दार कोनाच्या हाती हाय, ते पाहा ना. मोठ्यानं लहान्याले बाहेर ठेवाले घातली तं ते वेगळं. लहान्याले जीव वाचवाले पायजे तं ते वेगळं. तुमाले धुरानं दिसत नसन."

दुसऱ्या दिवशी वारलू बांबू घेऊन आला. तट्टा विणून पेटीच्या मधोमध बसवला, आणि खालच्या बाजूला एक भोक ठेवले. भोकाचे माप त्याने सशाच्या डोक्यावरून आणि इतवारीच्या अंगावरून सुतळीने घेतले. इतवारी जाईल, शुक्रूचे नुसते नाक जाईल. वारलू रोज रानातले आवळे आणू लागला. मी ते चिरून, बी काढून, हातावर धरून तिला भरवले, दहा दिवस, शाळेआधी आणि शाळेनंतर. या काळात मी कुठेही भाषण दिले नाही. दोन गावांनी माणसे पाठवून माझ्या तब्येतीची चौकशी केली.

शनिवारी सकाळी इतवारी व्याली. तीन पिल्ले. तुला ठाऊक असेल, मला नव्हते: डोळे उघडे, अंगावर केस, दात आलेले, आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही पेटीभर धावत होती. आमच्या शाळेतल्या मुखरू गुरुजींना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या घरचीच हायेत, आल्या आल्या चालू झाली." इतवारी आता पुन्हा शिट्टी घालते. झाकण वाजले की सहा मैलांवर ऐकू जावी अशी.

आणि सोमवारी मी शाळेतून आलो तर इतवारी भोकातून शुक्रूच्या बाजूला गेलेली होती. त्याच्या टोपल्यातले गवत खाल्ले. त्याच्यापासून हातभर अंतरावर अंग सैल करून बसली. तो उठला तशी ती भोकातून परत आली, आणि तो भोकाला नाक लावून बसला. कोणी तिला नेले नव्हते, कोणी आणले नव्हते. मी बूट न काढता तिथे बराच वेळ उभा होतो. पाटी मी काढली आहे. नवी लिहायला घेतली, पण अजून वाक्य जमत नाही.

कमलाला आणि मुलांना जयभीम.

तुझा भाऊजी,
हरिदास

ता.क. पत्राचे खरे कारण सांगायचे राहिले. शुक्रू खात नाही. पिल्ले पलीकडे एकावर एक निजतात आणि हा तट्ट्याला कान लावून ऐकत बसतो. त्याचा गुन्हा मी विसरलो नाही, पण एकटे पाडणे ही शिक्षा मला कोणासाठीच मान्य नाही. त्याला जोडीदारीण पाहिजे. तुमच्या कॉलेजात ससे आहेत. आयुष्यभर मी आंतरजातीय विवाह लावले, सव्वीस लावले, आणि आज माझ्याच हाताने शुक्रूभाऊंसाठी त्याच्याच कुळातली वधू मागतो आहे. हे वाक्य वाचल्यावर पत्र चुलीत घाल.

ता.क. दुसरे. सत्यशीला बरोबर होती हे तिला मी अजून सांगितलेले नाही. तूही सांगू नकोस.

खुशाल, पाकीट चिकटवाले तुझे भाऊजी भाताचं शीत मांगाले चुलीपाशी आले, तवा पत्र मी वाचलं. डॉक्टरनं मॅनेजरचा ससा आंधीच तपासला होता, त्यानं मले सभेच्याच दिवशी सांगतलं का शुक्रू ही मादी हाय. यायले सांगतलं नाई. पुरुषांवर इतकं चांगलं बोलून राह्यले होते, म्हटलं राहू दे. बांबू उरला होता, वारलूकडून चुलीपुढं तट्टा घालून घेतला. दोन दिवस झाले, यायच्या ध्यानात नाई आलं, फक्त म्हनतात का आजकाल धूर कमी हाय. वधू नोको, शुक्रीले मैतरीन पायजे. येत्या इतवारी पयल्या एस.टी.नं एक ससीन घेऊन ये, आन् थैलीले भोकं पाडून आन. सत्यशीला.