आजुम्माच्या हॉटेलात वाढलेलं पान

त्या शुक्रवारी सकाळी मी पाणी भरलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, यांचा कामाचा शर्ट भिजत घातला. हे चपला घालताना म्हणाले, "जेवायला थांबू नकोस." मी म्हटलं, "थांबतंय कोण?" संध्याकाळी घरी येऊन आडवे झाले, ते उठले नाहीत. शेवटचा घास माझ्या हातचा नव्हता. हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी, सुगंधा शांताराम धुरी, वय चौसष्ट, मूळ गाव देवगड तालुक्यातलं, सध्या मुलाकडे माबेला, मस्कत येथे राहणारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी भरीला घातलेलं नाही. सून म्हणाली, "आई, मी टाइप करून देते." तिलाही नको म्हटलं.

पहिले. देवगडचं घर आणि मागची आंब्याची कलमं माझा मुलगा स्वरूप याची. विकायचं तर विकावं, पण मी डोळे मिटल्यावर. यांचा वेल्डिंगचा मुखवटा आणि हातमोजेही त्याचेच. ते मात्र विकू नयेत.

दुसरे. माझी पुस्तकं नात पूर्वा हिला. शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, पुढची शाळा या पुस्तकांनीच केली. तिनं रोज एक पान मोठ्यानं वाचावं. अडखळली तरी चालेल, मीही अडखळतच शिकले.

तिसरे. मस्कतमध्येच रुवीला, आमच्या जुन्या बिऱ्हाडात, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या किशोरीवहिनींना दोन किलो सुके बोंबील द्यावेत, आणि तेही चतुर्थीलाच. वासाची तक्रार घेऊन त्या घरमालकाकडे गेल्या, तेव्हापासून माझ्या चुलीवर सुकी मासळी भाजली गेली नाही. यांनी कुरकूर केली नाही. केली असती तर मी मालकाशी भांडले असते. त्याऐवजी हे दर शुक्रवारी कंपनीतल्या कोरियन माणसांबरोबर रुवीतल्याच एका हॉटेलात जाऊ लागले. तिथे सुक्या मासळीचं सूप मिळतं. हॉटेल तीस वर्षांहून जुनं. मालकीण यांगबाई. सगळे तिला आजुम्मा म्हणतात, म्हणजे कोरियन भाषेत मावशी. माझी ती कोणी नव्हे.

चौथे, आणि मुख्य.

यांचं वर्षश्राद्ध आम्ही तिथीने केलं. मी पान वाढलं, काकडीची कोशिंबीरसुद्धा विसरले नाही. त्यानंतर काही दिवसांनी तारीख आली. शनिवार होता. स्वरूपला म्हटलं, "मला त्या हॉटेलात सोड." तो म्हणाला, "आई, आज काय तिथे?" मी म्हटलं, "बघायचंय, काय होतं तिथे एवढं."

आत भिंतीलगत एक लहान टेबल, त्याला एकच खुर्ची. टेबलावर वाफाळतं सूप, शेजारी भाताचा वाडगा, भातात उभा खोचलेला चमचा. खुर्चीवर कोणी नव्हतं.

यांगबाई बाहेर आली. माझ्याएवढीच, पण ताठ. "तुम मिस्त्री का बीवी," तिनं मला पाहून ओळखलं, यांनी फोटो दाखवला असणार. "आज मिस्त्री का दिन. हम खाना रखा."

माझ्या नवऱ्याचं पान दुसऱ्या बाईनं वाढलं होतं. मी तिथीने, तिनं तारखेने. वर्षभर मला वाटत होतं, यांना जेवू घालणारी मी एकटी.

मी म्हटलं, "इसका हक मेरा है."

"तो तुम क्यों नहीं पकाया मछली?" ती म्हणाली. "मिस्त्री बोला, घर में मना है."

"मेरे को आता है. तेरे से अच्छा."

"यल्ला, चलो, खाके बोलो."

तिनं मला आत नेऊन वाडगा भरून दिला. मीठ कमी होतं. बाकी खोड काढायला जागा नव्हती, तेच मनाला लागलं. सुपाच्या भल्यामोठ्या टोपाचा तुटलेला कान जोडलेला होता. माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा जोड. तो हात मी कुठेही ओळखला असता. आमच्या गॅलरीच्या दाराची बिजागरी मात्र शेवटपर्यंत तशीच लोंबत राहिली.

निघताना तिनं विचारलं, "तुम्हारे बाद कौन रखेगा?"

मी गाडीत स्वरूपला तेच विचारलं. तो म्हणाला, "आई, ऑनलाइन करता येतं आता सगळं." त्याच्यावर राग नाही. पण माझ्यानंतर यांच्यासमोर गरम अन्न ठेवणारं माणूस ती एकच, हे मला तेव्हा कळलं आणि सोसलं नाही. अजून सोसत नाही.

म्हणून लिहिते: माझ्या हयातीत यांगबाईनं पान ठेवू नये, मी समर्थ आहे. माझ्या मागे तिनं खुशाल ठेवावं, पण दोन वाडगे ठेवावेत. एकट्या यांच्यासाठी ठेवण्याची परवानगी मी देत नाही. माझ्या वाडग्यात मीठ जास्त घालावं. ती माझ्याआधी गेली, तर तिचा एक वाडगा मी ठेवीन. दाराजवळच्या टेबलावर.

हे तिला तोंडी सांगितलं आहे. तिला सांगायला मी दुसऱ्याच दिवशी टॅक्सी केली, डिकीत घरातली एक खुर्ची घातली, रुवीला नेली आणि यांच्या खुर्चीसमोर ठेवून आले.

वरचं सगळं मी वाचून पाहिलं, आणि माझंच आहे म्हणून खाली सही करते.

सुगंधा शांताराम धुरी

आमच्यासमोर सही केली:
१. एकनाथ राणे, माबेला
२. कुबरा शेख, माबेला

माबेला, मस्कत. २७ मार्च २०१५