आई, जरा बाजूला हो

प्रिय बबड्या,

तुझा व्हिडिओ पाहिला. लाखभर लोकांनी पाहिला म्हणे, त्यांत मी एक. तुझ्या समोरच्या दारातल्या शेजारीणबाई स्वयंपाकघरात सूप पिताहेत आणि मागून तुझा गळा दाटून आलेला: "मित्रांनो, इकडे पोटची पोरंही म्हाताऱ्यांना विचारत नाहीत. आपली संस्कृती ती आपलीच." खाली आपल्याकडच्या लोकांनी हात जोडलेत, डोळे पुसलेत. एका काकूंनी तर त्या बिचारीला इकडे घेऊन यायला सांगितलंय.

बिचारी म्हणे. अरे, त्यांची मुलगी वरच्याच मजल्यावर राहते, रोज कामावर जाताना आईशी भांडून जाते. मी तिकडे परदेशात तुझ्याकडे राहायला होते तेव्हा तू सकाळी जायचास तो दिवे लागल्यावर उगवायचास. माझ्या दुपारी त्या बाईंनी सावरल्या. पडदे शिवणं हा त्यांचा धंदा. मी जुने टाके उसवायचे, त्या मशीन चालवायच्या आणि दोघी मिळून आपापल्या पोरांना नावं ठेवायचो. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी छड्या मारून शिकवलेलं इंग्रजी म्हातारपणी चहाड्या करायला कामी आलं.

व्हिडिओ काढलास त्या दिवशीही टेबलावर वाडगे दोन होते. तू कॅमेरा घेऊन आलास आणि म्हणालास, "आई, जरा बाजूला हो, मध्ये येतेस." मी आपली वाडगा उचलून सिंकपाशी जाऊन उभी राहिले. वाटलं, पोरगं कौतुकाने शेजारणीचं घर दाखवतंय. मला उठवलंस तेव्हा कुठे त्या एकट्या झाल्या, बाबा. आणि एकटी म्हातारीच दाखवायची होती तर कॅमेरा इथे, आपल्या घरात लावायचास. पण ते तुझ्या प्रेक्षकांना पचायचं नाही.

हेही मी गिळलं असतं. आईपण म्हणजे निम्मं गिळणंच. पण काल शेजारीणबाईंचा फोन आला. तो व्हिडिओ त्यांनी मुलीला दाखवला, गिऱ्हाइकांना दाखवला. भाषा कळत नाही, पण तुझा भरून आलेला आवाज ऐकून हरखून गेल्यात. मला म्हणाल्या, "तुझा मुलगा माझ्याबद्दल इतकं प्रेमाने काय बोलतोय? शब्दन् शब्द सांग." आयुष्यात पहिल्यांदा माझं इंग्रजी आटलं. म्हटलं, तो स्वतःच येऊन सांगेल. तेव्हा हे पत्र वाचून झालं की समोरचं दार वाजव आणि एकही वाक्य न गाळता सांग. त्या वाट बघताहेत.

अजून तरी तुझीच,
आई