लाल सुईबरोबर पांढरी

डॉक्टरसाहेब, मला तुमच्याबद्दल कधीच आदर वाटला नाही. तुम्ही होता तेव्हा हे तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, कारण डिग्रीनंतरची माझी पहिली नोकरी तुमच्याच दवाखान्यातली. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की उमरग्यात हमरस्त्याला लागून तुमचा दवाखाना होता तिथं टायरचं दुकान आहे आणि दुकानदाराला तुमचं नावही ठाऊक नाही. मी धाराशिवला राहतो. म्हातारा झालोय. रक्तदाबाची एकच स्वस्तातली गोळी रोज सकाळी घेतो आणि ती गिळताना हटकून तुमची आठवण येते. तुम्ही असता तर मला तीन गोळ्या, एक टॉनिक आणि आठवड्याला एक सुई लिहिली असती, वर म्हणाला असता, या वयात हयगय नको.

दुष्काळाचं साल होतं. मी औरंगाबादहून नवी कोरी पदवी आणि डोक्यात भरलेली पुस्तकं घेऊन आलो होतो. खडी फोडायच्या कामावरची माणसं पगाराच्या दिवशी थेट तुमच्या ओट्यावर येऊन बसायची. त्यातली एक बाई मला अजून दिसते. टेबलाशी उभी आहे, हाताला फोड आलेत, पदराला दगडाचा भुगा. ती म्हणते, "हातपाय गळाल्यात, दाक्तर. उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती." मी विचारतो, काय खाल्लं? "कामावर सुकडी मिळती की. ती लेकरास्नी देते." मी तिला समजावून सांगतो की बाई, तुला रोग नाही, त्यातली निम्मी सुकडी तू खात जा. ती जायला वळते तेवढ्यात तुम्ही खुर्चीतूनच हाक मारता, "थांब गं. हिला लाल सुई भरा." जीवनसत्त्वाची ती लाल सुई उपाशी बाईच्या दंडात गेली आणि तिच्या दोन दिवसांच्या घामाची मजुरी तुमच्या खणात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. ती गेल्यावर तुम्ही मलाच झापलंत. "रोग्याला नुसत्या शब्दावर वाटेला लावतोस? लोक म्हणतील, ह्या दाक्तराला काही येत न्हाय. अरे, माणूस औषधानं बरा होत न्हाय, खर्चानं बरा होतो!" कंपाउंडर हसला. तुम्हीही हसलात. मी मान खाली घालून सुई उकळायला ठेवली, हेही खरंच आहे.

तुमची तऱ्हाच तशी होती. सलाइनचा स्टँड तुम्ही आतल्या खोलीत ठेवायचा नाहीत, व्हरांड्यात ठेवायचात, एसटीतून उतरणाऱ्याला बाटली लटकलेली दिसली पाहिजे म्हणून. जुलाब झालेलं मूल साखरमिठाच्या पाण्यावर उठून बसतं हे मी म्हणालो तर म्हणालात, "साखर-मीठ तिच्या घरात हाय. मग ती तुझ्याकडं कशाला येईल?" सर्दीला कॅप्सूल, खोकल्याला कॅप्सूल, पाय मुरगळला तरी कॅप्सूल. कुठली, तर औषध कंपनीचा बॅगवाला त्या महिन्यात ज्या रंगाची ठेवून गेला असेल ती. तुम्ही पुस्तक उघडलेलं मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. मला वाटायचं, हा माणूस अडाणी आहे, कुठल्याशा जुन्या काळी शिकलेलं सगळं विसरलाय, आणि त्यामुळं थोडी कीवही यायची.

मी नोकरी सोडली तेव्हा तुम्ही मला एक खोकं भेट दिलंत. लाल सुयांचं. "नवा संसार हाय, चालंल त्याच्यावर." ते खोकं मी गावाबाहेरच्या नाल्यात फेकलं. मग सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात लागलो आणि ठरवलं की तुम्ही करायचात त्याच्या नेमकं उलटं करायचं. कपाट एकच आणि त्यात मोजकी औषधं. तापाला साधी गोळी, जुलाबाला साखरमीठ, खोकल्याला बहुतेक वेळा काहीच नाही. सुई मागायला आलेल्याची मी चारचौघांत टर उडवायचो. "सुई खुळ्याला लागते, शहाण्याला गोळी पुरते," हे माझं वाक्य कारखान्याच्या चाळीत पाठ झालं होतं. अध्यक्ष एकदा कुरकुरले, "दाक्तर, सभासद म्हंत्यात दवाखान्यात काय मिळतच न्हाय." मी त्यांनाही सोडलं नाही. त्या काळात मी बरोबर होतो, आणि बरोबर असण्याची मला चांगलीच चटक लागली होती.

मग ती मुलगी आली. गोदामात पोती वाहणाऱ्या हमालाची, नऊ-दहा वर्षांची. आई मूळची उमरग्याच्या भीमनगरातली, स्वतः शाळेत गेलेली नव्हती, पण लेकीला मास्तरीण करायचं म्हणून हट्टाला पेटलेली. मुलीचा घसा दुखून गेला होता, मग ताप आला आणि एक गुडघा सुजला, तो उतरतो तोवर दुसरा घोटा. असला ताप सांध्याला नुसता चाटून जातो पण काळजाला चावतो, हे कुठलाही डॉक्टर जाणतो. काळीज अजून धड होतं. मी गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांत सूज गेली, पोरगी चाळीत दोरीवरच्या उड्या मारायला लागली. आता खरं काम होतं. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनची पांढरी सुई, आणि तीही ती मोठी होईपर्यंत, कित्येक वर्षं. स्वस्त औषध, पण चुकलं की ताप उलटतो आणि एकेका खेपेला काळजाची झडप खातो. मी आईला तसं सांगितलं. ती म्हणाली,

"दाक्तर, तुमीच म्हंता सुई खुळ्याला लागती. पोरगी आजारी व्हती तवा गोळी दिली, आन् आता उड्या मारतीया तर सुई घ्या म्हंता?"

बाहेर बाकावर बसलेली माणसं हसली. माझंच वाक्य माझ्या तोंडावर आलं होतं. तिथं मी नीट बसून, तिला पाणी देऊन, अर्धा तास समजावलं असतं तर झालं असतं. पण मला हसलेलं खपलं नाही. मी म्हणालो, "शिकलोय मी का तुम्ही? नसेल ऐकायचं तर पोरीचं वाईट झाल्यावर रडत येऊ नका." ती उठली, पोरीचा हात धरला आणि गेली. दोनदा निरोप धाडला, आली नाही. घर चाळीच्या दुसऱ्या टोकाला, चालत पाच मिनिटांवर. मी गेलो नाही. मी मनाशी म्हणालो, अडाणी लोक, यांचं असंच व्हायचं. त्या मुलीचं काळीज दरवर्षी थोडं थोडं सडतंय हे मला ठाऊक होतं आणि मी जेवत होतो, झोपत होतो.

आठ वर्षांनी त्या दोघी पुन्हा दारात उभ्या राहिल्या. मुलीला धाराशिवला अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला होता, तब्येतीचा दाखला हवा होता. मी स्टेथोस्कोप लावला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. डाव्या कुशीवर झोपवून ऐकलं. कुठं फुसफुस नाही, काही नाही, स्वच्छ ठोके. मी विचारलं, मधे पुन्हा सांधे सुजले? न्हाय. कुठं औषध चालू होतं? आईनं लेकीकडं पाहिलं, मग हळूच म्हणाली, "उमरग्याच्या मोठ्या दाक्तराकडं जात व्हताव. दर तिसऱ्या आठवड्याला. लाल सुई घ्यायला."

"फक्त लाल?"

"लालीसंगं पांढरी बी मारायचे. लई दुखायची ती. पर म्हंले, पांढरीबिगर लालीची ताकद अंगात टिकत न्हाय. लालीचं पैसं घ्यायचे, पांढरीचं न्हाय. एक खेप चुकली तर भीमनगरात माझ्या माहेरी निरोप धाडायचे. आन् म्हंले व्हते, कारखान्याच्या दाक्तराला सांगू नगा, त्याला सुयांचा राग हाय."

मी दाखल्यावर सही केली. त्याच्या आदल्याच महिन्यात तुम्ही गेला होतात, मी मातीलाही आलो नव्हतो.

तुम्हाला वाटेल, आता हा माफी मागणार. नाही मागणार. उलट त्या दिवसापासून तुमच्याबद्दलचा तिटकारा वाढला. तोवर मी तुम्हाला अडाणी समजत होतो, आणि अडाण्याला एक वेळ सोडून देता येतं. तुम्हाला तर सगळं येत होतं! कुठली सुई, किती दिवसांनी, किती वर्षं, खेप चुकली तर काय होतं, सगळं. म्हणजे त्या खडी फोडणाऱ्या बाईला भाकर हवी होती हेही तुम्हाला कळत होतं, आणि तरी तुम्ही लाल सुई भरायला सांगितलीत. एका पोरीचं काळीज वाचवलंत म्हणून बाकी शेकडोंच्या दंडांचा हिशेब कसा मिटेल? आणि तिथंही लालीचे पैसे सोडले नाहीतच. लबाड होता तुम्ही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी दुसऱ्या कुठल्या शब्दानं हे सांगू?

निवृत्त झाल्यापासून मला अधूनमधून नव्या डॉक्टर पोरांसमोर बोलायला नेतात. कमी औषधं लिहा, स्वस्त लिहा, पुराव्यानं लिहा, हा माझा विषय. शेवटी मी त्या मुलीची गोष्ट सांगतो. ती शिक्षिका झाली, तिला दोन मुलं आहेत, हे सांगतो. गोष्टीत एक अडाणी आई असते, सुईला घाबरणारी, आणि एक तरुण डॉक्टर असतो, जो पाच मिनिटं चालत तिच्या घरी जातो, चुलीपाशी बसतो, तिला पटवतो आणि आठ वर्षं एकही खेप चुकू देत नाही. पोरं टाळ्या वाजवतात. एकीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलंय.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. पुढच्या महिन्यात तुळजापूरला पुन्हा बोलावलंय, आणि तिथंही मी ती गोष्ट तशीच सांगणार आहे.