फ्लॉमहून वर जाणारी गाडी

अण्णा,

मागच्या महिन्यात आम्ही नॉर्वेला जाऊन आलो. तुम्हाला सांगाव्यात अशा गोष्टी माझ्या आयुष्यात पुष्कळ झाल्या. लग्न झालं, अमेरिकेत आले, मुलगी झाली. पण त्या ऐकायला आई होती. ही मात्र वडिलांनाच सांगायची गोष्ट आहे, म्हणून आज इथं, अमेरिकेतल्या कॅरी गावात, आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून लिहितेय.

ट्रिप सगळी लेकीनं आखली होती. ती इथंच जन्मली, वाढली, आता शिकागोला नोकरी करते. आम्ही दोघं रिटायर झालो म्हणून तिनं दिलेली ही भेट. तिला म्युझियमचं वेड. ऑस्लोत तिनं आम्हाला एकामागून एक अशी म्युझियमं दाखवली की संध्याकाळी पायात गोळे यायचे. पण एका ठिकाणी बर्फातून ध्रुवाकडे जाऊन आलेलं अख्खं लाकडी जहाज इमारतीच्या आत उभं केलंय आणि त्याच्या पोटात उतरून खलाशांच्या चिंचोळ्या खोल्या बघता येतात. तिथं मी पाय विसरले. मग फ्योर्डमधली, म्हणजे डोंगरांमधे खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीतली बोट. दोन्ही बाजूंना पाण्यातूनच सरळ उठलेले कडे, त्यांच्या माथ्यावर बर्फ, आणि इतक्या उंचावरून पडणारं पाणी की खाली पोचेपर्यंत त्याचा धूर व्हायचा.

ही बोट फ्लॉम नावाच्या गावाला लागते. तिथून छोटी रेल्वे डोंगर चढते, आणि ती बघायला जगभरातून लोक येतात. काठ जवळ आला तेव्हा लेक उत्साहानं म्हणाली की वाटेत बोगदेच बोगदे आहेत, पण मधले व्ह्यूज अमेझिंग आहेत. आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक आहे. टेनेसीकडे जायच्या हायवेवर डोंगरात दोन लहानसे बोगदे लागतात. इतक्या वर्षांत त्यांनी न विचारता, न बोलता गाडी नेहमी लांबच्या रस्त्यानं नेली. लेकीला वाटायचं, बाबांना जुने रस्ते आवडतात. आजोबा इंजिनियर होते आणि ॲक्सिडेंटमध्ये गेले, एवढंच तिला माहीत होतं.

"आपण दोघं बोटीनंच परत जाऊ," हे हळूच म्हणाले. "तिला जाऊ दे गाडीनं."

मी म्हटलं, बघू.

गाडीला वेळ होता, म्हणून स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या म्युझियममध्ये शिरलो. ऑस्लोसारखं भव्य काही नाही. भिंतींवर बोगदे खोदणाऱ्या माणसांचे फोटो, मधे हातोडे, छिन्न्या, दगडाला भोकं पाडायच्या सळया. बहुतेक बोगदे यंत्राशिवाय, हातांनी खोदलेले. एका कोपऱ्यात लांब लोखंडी पहार होती. लेकीनं खालची पाटी वाचून मला समजावलं: सुरुंग उडाला की ह्या पहारेनं छत ठोकून बघायचे, आवाजावरून कळायचं दगड घट्ट आहे की सुटलाय.

आणि मी एकदम लहान होऊन तुमच्या कामावर उभी आहे, अण्णा. खंडेनवमी आहे, काम बंद आहे, वीजघराकडे पाणी नेणाऱ्या तुमच्या बोगद्याच्या तोंडाशी यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्यात. एरवी बायका-मुलींना आत न्यायचं नाही असा तिथल्या कामगारांचा दंडक, पण आज तुम्ही माझा हात धरून मला आत नेताय. डोक्यावर तुमचं हेल्मेट, नाकावर घसरणारं. थंड, ओला वास. मी आवाज घुमतो का बघायला जोरात ओरडते आणि तुमचा हात खांद्यावर घट्ट बसतो. "इथं आधी ऐकायचं," तुम्ही म्हणता. रागानं नाही, पण मला रडू येईल इतकं स्पष्ट. मग पहार उचलून तुम्ही छत ठोकता. एका ठिकाणी घंटेसारखा आवाज येतो, दुसरीकडे रिकाम्या डब्यासारखा. "हा खोटा बोलतो," तुम्ही त्या दुसऱ्या दगडाकडे बोट दाखवून म्हणता. त्यानंतर पुढची खंडेनवमी आली नाही. सुरुंगानंतर छत तपासायला तुम्ही सगळ्यांच्या पुढे गेलात आणि शिळा सुटली. आई मला घेऊन साताऱ्याला मामाकडे आली, आणि बोगदा हा शब्द आमच्या घरातून गेला.

तिथल्या बाकावर बसून मी लेकीला हे सगळं सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, "वॉज आजोबा स्केअर्ड?"

"माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

तिनं माझा हात हातात घेतला. "आई, वी कॅन टेक द बोट. रिअली."

मी त्या फोटोंकडे पाहिलं. चिखलानं माखलेली, टोप्या घातलेली माणसं. तुमच्या बोगद्यावरच्या कॅम्पमधलीच वाटत होती. मी म्हटलं, "नाही. गाडीनं जाऊ."

पहिल्या बोगद्यात मी डोळे मिटले. दुसऱ्यात ह्यांचं मनगट इतकं दाबलं की त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. मग कधीतरी डोळे उघडले. काचेबाहेर भिंत हाताच्या अंतरावर सरकत होती, ओबडधोबड. माणसाच्या हातानं खोदलेल्या दगडाला इतक्या जवळून मी तुमच्यानंतर प्रथमच बघत होते. गाडी डोंगराच्या आतच वळसा घेते, कळतही नाही. मधेच कातळात खिडक्या कोरल्यात. त्यांतून क्षणभर खाली दरी दिसते, नागमोडी रस्ता, खेळण्यातली वाटावी अशी घरं, आणि पुन्हा अंधार. एका ठिकाणी गाडी थांबते, सगळे खाली उतरतात आणि समोर अख्खी नदी कड्यावरून कोसळत असते. तुषारांनी चष्मा भिजला. आजूबाजूला लोक फोटो काढत होते, बिस्किटं खात होते. कुणी एकदाही बोगद्याच्या छताकडे काळजीनं पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, ज्यानं ते ठोकून, ऐकून 'ठीक आहे' म्हटलं होतं, त्याच्या शब्दावर हे सगळे अजून निर्धास्त जाताहेत. तुमच्या बोगद्यातूनही आज पाणी वाहतंय. साताऱ्याला ज्या दिव्याखाली मी अभ्यास केला, त्यात त्या पाण्याची वीज असणार. हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मी तिथं त्या पाण्यासमोर उभी राहिले, आणि ऊर भरून आला, तो दुःखानं नव्हे.

परत आल्यावर सांगावंसं वाटलं, म्हणून लिहिलं. दारातल्या मेलबॉक्समध्ये टाकून त्याचा 'पत्र घेऊन जा' सांगणारा लाल झेंडा वर केला, तरी पोस्टमन कुठं नेणार हे? इथंच राहील.

एक सांगायचं राहिलं. धबधब्यानंतरच्या शेवटच्या बोगद्यात माझ्या लक्षात आलं की तुम्ही गेलात तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. लेकीहून थोडेच मोठे. जन्मभर मी तुम्हाला अहो-जाहो केलं, पण त्या अंधारात काचेला हात टेकून बसले असताना मनातल्या मनात म्हणून गेले, "अरे बाळा, जपून."